व्याल्यावर गाईच्या पिशवीत काय चालतं आणि आपण कुठं हात घालायचा नाही

गाय व्याली, वासरू उठलं, चीक पाजून झाला की गोठ्यातल्या सगळ्यांचं लक्ष कासेकडं जातं. सड मोकळे आहेत का, कास किती भरली, या वेताला किती दुधाला येणार वगैरे. पुढचं वेत वेळेवर मिळणार का गाय वर्षभर उलटत राहणार, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हापुन्हा माजावर येणार, याचा बराचसा निकाल मात्र पहिल्या तीनचार आठवड्यांत पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, लागत असतो, आणि तिकडं आपण घाण वास सुटल्यावरच बघतो.

हे सगळं मी संकरित गाई डोळ्यापुढं ठेवून लिहितोय, म्हणजे एचएफ आणि जर्सी क्रॉस, कारण संगमनेर-राहाता घ्या, बारामती-फलटण घ्या नाहीतर कोल्हापूर-सांगली, दुधाचा धंदा ह्याच गाईंवर चाललाय आणि जास्त दुधाच्या गाईलाच हा त्रास जास्त छळतो. म्हशीचं तत्त्व तेच आहे, बारकावे वेगळे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका. पिशवीत जंतू गेले म्हणजे आजार झाला असं नाही. व्याताना तीस-पस्तीस किलोचं वासरू बाहेर येण्याएवढी वाट उघडते, खाली शेण-मूत, वर माश्या, वर आपले हात, आणि गाय दमून त्याच चिखलात बसलेली, मग जंतू आत जाणारच. पहिल्या दोन आठवड्यांत तपासलं तर दहातल्या आठ-नऊ गाईंच्या पिशवीत जंतू सापडतात, कधीकधी सगळ्याच. तरी त्यातल्या बऱ्याच जणी एक रुपयाचं औषध न घेता आपापल्या साफ होतात.

कशा होतात हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. व्याली त्या दिवशी पिशवी नऊ-दहा किलोची असते आणि महिन्याभरात ती एक किलोच्या आसपास येते. म्हणजे पिशवीचे स्नायू सतत आवळत असतात आणि आतली घाण बाहेर ढकलत असतात. सोबत रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत उतरून जंतू खातात. आणि तिसरं म्हणजे वार, म्हणजे वासराभोवतीचं आवरण, सुटून गेल्यावर आत जी जखम राहते ती भरून नवीन अस्तर तयार होतं, त्याला पंचवीस-तीस दिवस लागतात, आणि पिशवी पूर्ण जागेवर यायला सहा आठवडे धरा. आवळणं, जंतू खाणं, जखम भरणं, तिन्ही चालू असलं तर तुमची-माझी गरज नाही. कॅल्शियम कमी पडलं की आवळणं मंदावतं, गाय उपाशी पडली की पांढऱ्या पेशी मरगळतात, आणि वासरू ओढताना किंवा वार काढताना आतून फाटलं की जखम भरता भरत नाही. पिशवीचा आजार बहुतेक वेळा ह्या तीन दारांनीच येतो.

जंतूंचीपण पाळी असते. पहिल्या आठवड्यात जोर ई. कोलायचा, तोच शेणातला. त्याने अस्तर खराब केलं की मागून ट्रूपेरेला आणि फ्युजोबॅक्टेरियम जमतात. ट्रूपेरेला पू करणारा, आणि फ्युजोबॅक्टेरियम हवा नसलेल्या जागी वाढणारा, तो जो पोट ढवळून काढणारा वास येतो ना तो असल्याच जंतूंचा. आणि ई. कोलायचं विष पिशवीपुरतं थांबत नाही, ते रक्तातून अंडाशयापर्यंत जातं, तिथं अंड वाढवणारे फोड नीट वाढत नाहीत, माज लांबतो. म्हणून पुढं दोन-तीन महिन्यांनी "गाय माजावरच येईना" अशी जी तक्रार असते तिचं मूळ कितीतरी वेळा पहिल्या आठवड्यातल्या घाणीत असतं आणि ते कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलेलं नसतं.

गाय व्याल्यावर घाण टाकते ते तर नैसर्गिकच. पहिले काही दिवस लालसर, मग चॉकलेटी, हळूहळू घट्ट आणि कमी होत जातं आणि दोन-अडीच आठवड्यांत बंद पडतं किंवा सोट, म्हणजे मागून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ होतो. ह्या सगळ्या काळात वास असतो पण तो रक्तामांसाचा साधा वास. पातळ पाण्यासारखं, तांबूस-करडं आणि सडका वास असं आलं की तो आजार. रंगापेक्षा वासावर आणि पातळपणावर विश्वास ठेवा, कारण चॉकलेटी रंग बघून उगाच घाबरणारे आणि पाण्यासारखी घाण बघून "निचरा होतोय, चांगलंच आहे" म्हणणारे दोन्ही भेटतात.

आता वार. कुणी जार म्हणतं, तेच. साधारण सहा ते बारा तासांत पडायला पाहिजे. चोवीस तासांपुढं गेली की अडकली म्हणायची.

वार पिशवीला सगळीकडून चिकटलेली नसते. पिशवीच्या आतल्या बाजूला पाऊणशे ते सव्वाशे गाठी असतात आणि प्रत्येक गाठीवर वारेचा एक तुकडा घट्ट बसलेला असतो, शर्टाचं बटण काजात बसावं तसा. व्यायच्या वेळी गाईच्याच पांढऱ्या पेशी आणि काही एन्झाइम ह्या जोडण्या एकेक करून सोडवतात. त्या सुटल्या की वार आपोआप पडते. म्हणजे वार अडकणं ही ताकदीची भानगड नाहीच, गाईची प्रतिकारशक्ती व्यायच्या आधीच ढिली पडल्याची ती खूण आहे. जुळं, गर्भपात, दिवस भरायच्या आत व्याणं, अवघड वेत, दुधी ताप (कॅल्शियम कमी पडून होणारा आजार), सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, ह्या सगळ्यांत वार जास्त अडकते ती त्यामुळेच.

आणि आपल्याकडं काय होतं? लोंबणाऱ्या वारेला वीट बांधतात, जुनी चप्पल बांधतात, कुणी दगड. त्याने जोडणी सुटत नाही, वार मधेच तुटते आणि आतला तुकडा आतच सडतो, वजन जास्त असेल तर पिशवीच बाहेर यायची भीती. त्याहून वाईट म्हणजे हात घालून काढणं. पूर्वी हे सर्रास चालायचं आणि आजही एखाद्या मालकाला पूर्ण वार हातात काढून दाखवली की तो खूश होतो, "डॉक्टरचा हात चांगला आहे" म्हणतो. प्रत्यक्षात एवढ्या गाठी एकेक करून सोडवताना कितीतरी ठिकाणी अस्तर फाटतं, त्यातून जंतू थेट रक्तात जायला वाट होते, आणि ज्या पांढऱ्या पेशींनी काम करायचं त्यांचंही काम मंदावतं. वार ओढून काढलेल्या गाई पुढं लवकर गाभण राहतात असं कुठल्याही तपासणीत दिसलेलं नाही. ताप मात्र त्यांना जास्त येतो. न काढलेली वार पाच ते दहा दिवसांत सडून सुटते. घाण दिसतं, वास येतो, शेजारी बोलतात, पण गाईला ताप नसेल आणि ती खात-पीत असेल तर हेच कमी नुकसानीचं आहे. जमिनीला घासत असेल तर मागच्या गुडघ्याच्या पातळीला स्वच्छ कात्रीने कापून टाका. बाहेरून हलकंसं ओढल्यावर निसटून आली तर ठीक, नाही आली तर सोडून द्यायची.

ऑक्सिटोसिन देऊन बघू का असं विचारतात. व्याल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच पिशवी त्याला दाद देते, नंतर नाही, आणि अडकलेल्या वारेचं मूळ आवळण्यात कमी आणि जोडणी न सुटण्यात जास्त असल्यामुळं त्या एक-दोन दिवसांतसुद्धा फार आशा ठेवू नका. पिशवीत गोळ्या टाकायचीही पद्धत आहे. त्यात टेट्रासायक्लिन असेल तर ते वार सोडवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, म्हणजे वास कमी होतो आणि वार आणखी उशिरा सुटते. बांबूचा पाला लोक आवडीने खायला घालतात, घालू द्या, हिरवा पाला आहे, गाय खातेय तर खाऊ दे, फक्त पाला घातला म्हणून थर्मामीटर लावायचं विसरू नका.

थर्मामीटरवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण शंभर-दोनशे रुपयांची ही वस्तू दहा-दहा गाईंच्या गोठ्यात नसते आणि दूध काढायचं मशीन असतं. व्याल्यापासून दहा दिवस रोज सकाळी एकदा ताप बघायचा. साधं डिजिटल चालतं, पुढचं टोक ओलं करून किंवा थोडं तेल लावून शेपटीखाली गुदद्वारात दोन-अडीच इंच, जरा तिरकं धरायचं म्हणजे ते आतल्या कातडीला टेकतं, शेणाच्या गोळ्यात घुसलं तर आकडा चुकतो. वाजेपर्यंत थांबायचं. मागच्या बाजूला दोरा बांधून चिमटा लावा नाहीतर गाय शेपूट झटकते आणि थर्मामीटर गव्हाणीच्या पलीकडं. आकडा लिहून ठेवायचा, भिंतीवर खडूने लिहिला तरी चालेल. गाईचा नेहमीचा साडेएकशेएकच्या आसपास असतो, 103 फॅरेनहाइटच्या वर गेला की दखल घ्यायची. सकाळीच का, तर आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी चांगल्या गाईचा सुद्धा आकडा वर दिसतो. आणि ताप दिसला की लगेच पिशवीलाच दोष देऊ नका, चारही सडांच्या धारा काळ्या फरशीवर काढून बघा, मस्टायटिसचाही, म्हणजे कासेच्या सुजेचा, ताप ह्याच दिवसांत येतो. उलट कान गार, आकडा नेहमीपेक्षा खाली, गाय बसलेली आणि मान पोटाकडं वळवलेली असेल तर तो दुधी ताप, त्याला ताप म्हणतात पण अंग गार असतं, तिथं कॅल्शियम लागतं आणि ते शिरेतून हळूहळू डॉक्टरनेच द्यायचं, जोरात गेलं तर हृदय बंद पडतं.

तर पहिल्या तीन आठवड्यांत, बहुतेक वेळा पहिल्या दहाच दिवसांत, पातळ सडकी घाण, ताप, दूध घटलं, गव्हाणीत वैरण तशीच, डोळे आत गेलेले. हे सगळं एकत्र दिसलं तर ते मेट्रायटिस, पिशवीची पूर्ण भिंत सुजलेली. इथं घाई करायची, आजच्या आज. नेमकं इथं काय चालतं बघा, बोलणं असं असतं.

"डॉक्टर, कालपासनं वास मारतीय, या आन् पिशवी धुऊन द्या."

"ताप किती आहे अण्णा?"

"ताप कशाला बघतो मी, घाण आतच हाय ना, ती काढा."

अण्णाचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे, पण ह्या अवस्थेत पिशवीची भिंत सुजून पिठासारखी ठिसूळ झालेली असते, त्यात नळी घालून बादलीभर पाणी सोडलं तर फाटू शकते, आणि पाण्याच्या दाबाने विष रक्तात ढकललं जातं. मेट्रायटिस हा पिशवीत सुरू झालेला पण अंगभर पसरू पाहणारा आजार आहे, त्यामुळं औषधही अंगात, म्हणजे इंजेक्शनने द्यावं लागतं. जगभर ह्यासाठी सेफ्टिओफर सगळ्यात जास्त तपासलं गेलंय, पेनिसिलिन आणि ॲम्पिसिलिनही वापरतात. तीन ते पाच दिवसांचा कोर्स असतो आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून तो मधेच सोडायचा नाही. कुठलं आणि किती हे डॉक्टर ठरवतील, मी मुद्दाम डोस लिहीत नाहीये कारण मोबाईलवर डोस वाचून मेडिकलमधून बाटली आणणारे खूप झालेत. एवढं बघा की आलेला माणूस नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का. 1962 ह्या नंबरवर फिरतं पथक मागवता येतं.

अँटिबायोटिकएवढंच महत्त्वाचं म्हणजे ताप-सूज उतरवणारं इंजेक्शन, कारण गाय खायला लागली तरच लढणार. इथं मेलॉक्सिकॅम मागा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांच्या किडन्या निकामी होतात, आपल्याकडची गिधाडं त्यानेच संपत आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकसुद्धा त्याच कारणाने बंद झाली. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात सापडतात. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाईला गुणही चांगला येतो, मग दुसरं कशाला.

सोबत पाणी भरपूर, कोमट दिलं तर जास्त पिते, गूळ-मीठ घालून दिलं तरी चालतं. खात नसेल तर किटोसिस, म्हणजे उपाशी पडून अंगातली चरबी जळायला लागल्याने होणारा आजार, मागोमाग येतो, तेव्हा प्रोपिलिन ग्लायकॉल तोंडाने पाजतात, सलाईन लावतात. पाजताना जबडा वर धरून घाईने ओतू नका, फुप्फुसात गेलं तर पिशवी बरी होऊन गाय न्यूमोनियाने जाईल.

दुधाचं सांगतो. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस टाकायचं ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर आपल्या औषध नियमांत किमान सात दिवस सांगितलेत. आणि पिशवीत सोडलेलं औषध दुधात उतरत नाही हा समज खोटा आहे, सुजलेल्या पिशवीतून ते रक्तात जातं आणि तिथून कासेत. एका गाईचं दूध वाचवायला अख्ख्या कॅनमध्ये ओतलं तर चक्का-दही लागत नाही आणि बोंब संकलन केंद्रावर होते. त्या गाईच्या पायाला लाल दोरा बांधा म्हणजे संध्याकाळी दुसरं कुणी धार काढायला बसलं तरी गडबड होत नाही.

आता पुढची पायरी, आणि इथं सगळा खेळ उलटा होतो. व्याल्याला तीन आठवडे उलटून गेलेत, गाय खातेय, दूध चांगलं, ताप नाही, पण सकाळी बसून उठली की जमिनीवर पांढरट-पिवळट पूवाला सोट पडलेला. हा एंडोमेट्रायटिस, म्हणजे सूज आतल्या अस्तरापुरतीच. हिला ताप येत नाही म्हणून इंजेक्शनच्या कोर्सची गरज नाही. ओळखायचं कसं, तर डॉक्टर मायांग (योनी) धुऊन स्वच्छ ग्लोव्हने आतला सोट हातावर घेऊन बघतात: पूर्ण स्वच्छ, दोन-चार पांढरे ठिपके, अर्धा पू, का नुसता पू. ग्रामीण भागात अजून एक स्वस्त टेस्ट चालते, व्हाइट साइड टेस्ट. थोडा सोट आणि तेवढंच कॉस्टिक सोड्याचं पाच टक्के पाणी परीक्षानळीत उकळायचं, थंड झाल्यावर रंग नाही आला तर साफ, पिवळा आला तर पांढऱ्या पेशी आहेत म्हणजे सूज आहे. जेवढा पिवळा गडद तेवढी सूज जास्त.

इथं घाई करून फायदा नाही. चार आठवड्यांच्या आत एंडोमेट्रायटिसचा उपचार केला तर न केलेल्या गाईंपेक्षा काही जास्त हाती लागत नाही, कारण अर्ध्याअधिक गाई एखादा माज येऊन गेला की स्वतःच साफ होतात. माजात पिशवीचं तोंड उघडतं, आवळणं वाढतं, रक्तपुरवठा वाढतो, पातळ सोट घाण धुऊन नेतो. म्हणून चार आठवड्यांनंतर औषध देताना डॉक्टर आधी अंडाशयावर पीतपिंड (माज होऊन गेल्यावर तिथं तयार होणारी, पुढचा माज अडवून धरणारी गाठ) आहे का बघतात, असेल तर पीजी म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात, त्याने पीतपिंड विरतो आणि तीन-चार दिवसांत माज येतो, म्हणजे गाईची स्वतःचीच धुलाई चालू होते. पीतपिंड नसेल किंवा अगदी कोवळा असेल, माज होऊन पाचएक दिवसच झाले असतील, तर तेच इंजेक्शन पाण्यासारखं वाया. "पीजी दिलं पण माज आला नाही, बनावट औषध" असं म्हणण्याआधी गाय तपासूनच दिलं होतं का ते विचारा.

दुसरा मार्ग पिशवीत थोडं औषध सोडायचा, एआयच्या (कृत्रिम रेतनाच्या) शीथने, म्हणजे बारीक नळीने, तीस-चाळीस मिली, बादलीने नाही. काम होतं, पण ते तपासून, स्वच्छ नळीने, गाय गाभण नाही ह्याची खात्री करून. आयोडीनची तीव्र औषधं सोडायची जुनी सवय मला पटत नाही, भरत आलेलं अस्तर पुन्हा भाजून काढायचं आणि मग ते भरायची वाट बघायची. आणि ज्या गाईचा सोट काचेसारखा आहे, वेळेवर माजावर येते आणि एकदाच उलटलीय, तिची पिशवी "एकदा साफ करून घेऊ" म्हणून कुणी धुवायला लागला तर सरळ नाही म्हणा.

पीजीबद्दल एक इशारा, आणि हा गोठ्यात काम करणाऱ्या बायकांसाठी आहे. हे औषध कातडीतून अंगात शिरतं. गाभण गाईला चुकून टोचलं तर गर्भ पडतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण गरोदर बाईच्या हातावर सांडलं तरी धोका आहे आणि दम्याच्या माणसालाही त्रास होऊ शकतो. रिकामी कुपी, सुई उचलायचं काम सुनेवर टाकू नका. सांडलं तर लगेच साबणाने धुवा.

उलटणाऱ्या गाईंमध्ये एक गट असाही असतो की सोट स्वच्छ, बाहेरून सगळं ठीक, पण अस्तरात बारीक सूज दडलेली. ती डोळ्याला दिसत नाही, ब्रशने पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा उलटलेल्या गाईत हे डोक्यात असावं, पण पहिला संशय माज ओळखण्यावर आणि रेतनाच्या वेळेवर घ्या, चुका तिथं जास्त असतात.

पायोमेट्रा हे प्रकरण मात्र फसवं आहे. पिशवीत पू साठलेला, वरून पीतपिंड बसून राहिलेला, तोंड बंद. गाय माजावर येत नाही, मालक खूश, गाभण आहे म्हणतो. गर्भ आत मरून गेल्यावर किंवा घाणेरड्या हाताने रेतन केल्यावरही असं होतं. तीन महिन्यांनी डॉक्टर हात घालतात तेव्हा पिशवी मोठी लागते पण भिंत जाड, आतलं पाणी दाट आणि लगदा हलावा तसं, गर्भाची पातळ पडदी बोटांतून निसटताना लागत नाही, वारेच्या गाठी लागत नाहीत, आणि गाभण गाईत पिशवीच्या धमनीची जी घरघर बोटाला कळते ती नसते. शंका असेल तर सोनोग्राफी. पाच-सहा महिने बसून "व्यायला आली" म्हणून आटवलेल्या गाईसुद्धा अशा निघतात. तीस-पस्तीस दिवसांची तपासणी सोनोग्राफीने नाहीतर दोन महिन्यांची हाताने, एवढं केलं की हे दिवस वाया जात नाहीत, एकेक हुकलेला माज म्हणजे एकवीस दिवसांची वैरण फुकट. उपचार पुन्हा पीजीच, दोन-चार दिवसांत पू बाहेर पडायला लागतो, शेपूट, मांड्या सगळं भरतं, घाबरू नका. लगेच आलेल्या माजाला भरवू नका, पुढच्याला बघा, पायोमेट्रा उलटून येतोही.

हे सगळं टाळायचं असेल तर काम व्याल्यावर सुरू होत नाही, व्यायच्या दोन महिने आधी होतं. गाय आटवली की पेंड बंद, नुसता कडबा, कारण "आता दूध कुठं देतीय". मग शेवटच्या तीन आठवड्यांत पोटातलं वासरू जागा खातं, गाय आधीच कमी खाते, आणि तिला मिळतंही निकृष्ट. व्यायच्या आधीच्या आठवड्यात कमी खाणाऱ्या गाईलाच पुढं मेट्रायटिस जास्त होतो हे नीट तपासलेलं आहे. दुसरीकडं जास्त लोणी चढलेली गायही वाईट, व्याल्यावर खात नाही आणि यकृतावर चरबी चढते. आपल्या पट्ट्यात अजून एक, शेवटच्या दिवसांत लसूणघास भरभरून. त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त, गाईचं शरीर हाडातून कॅल्शियम काढायला आळसावतं, आणि व्याल्यावर चिकात एकदम कॅल्शियम गेलं की दुधी ताप, मग पिशवी आवळेना, मग वार, मग घाण. ती साखळी इथं तुटते. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास कमी, मका-कडबा-थोडी पेंड, जमेल तिथं व्यायच्या आधीचं खास क्षारमिश्रण, दूधाळ गाईचं नाही, आणि डॉक्टरला विचारून ई जीवनसत्त्व-सेलेनियमचं इंजेक्शन. सावली आणि स्वच्छ पाणी. वासरू ओढायला चार माणसं लागतायत असं दिसलं की थांबा, ओढू नका, आत काय अडलंय ते कुणीतरी हात धुऊन, ग्लोव्ह घालून बघायला पाहिजे.

सगळ्यात शेवटी ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूने गर्भ पाडणारा आजार, कारण वारेचा विषय निघाला आणि हे राहिलं तर सगळं लिहिणं फुकट. पाच-सहा महिन्यांनंतर गर्भ पडला आणि वार अडकली तर हा आजार असू शकतो असं धरूनच वागायचं, रक्ततपासणी करून घ्यायची. वार, गर्भ, घाण ह्यात जंतू ठासून भरलेले असतात आणि ते माणसाला लागतात. ग्लोव्ह नसेल तर हात लावू नका, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून हाताला बांधल्या तरी काही नसण्यापेक्षा बऱ्या. वार उकिरड्यावर किंवा ओढ्याला टाकायची नाही, कुत्री गावभर नेतात, खोल खड्डा, वर चुना. त्या गाईचं दूध उकळल्याशिवाय घरात कुणी पिणार नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस असते, फक्त मादी वासरांना, आणि एकदाच, राष्ट्रीय कार्यक्रमातून 2019 पासून मोफत टोचली जाते. आणि घरात कुणाला संध्याकाळी चढणारा-उतरणारा ताप, घाम, कंबर-सांधे दुखणं असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर दवाखान्यात गेल्यावर आमच्याकडं गाई आहेत, मागं एकीचा गर्भ पडला होता, वार हाताने काढली होती, हे स्वतःहून सांगा. माणसांचे डॉक्टर गोठ्याचं विचारतीलच असं नाही.